सात दिवसांचं ताईची शिबिर: जावं का, आणि गेलात तर काय मागावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तीन वर्षं आठवड्यातून दोनदा ताईची या चिनी युद्धकलेच्या यांग शैलीच्या वर्गाला जाता. वय ४६. उजवा गुडघा जिना उतरताना अधूनमधून कुरकुरतो. चेन या दुसऱ्या शैलीचे एक शिक्षक सात दिवसांचं निवासी शिबिर घेणार आहेत: रोज सहा तास, सकाळी उभं राहण्याचा सराव, मग 'लाओजिया यिलू' हा ठरीव हालचालींचा संच, दुपारी पुश हँड्स हा जोडीने करायचा सराव. जावं का, सात दिवसांत खरंच काही हाती लागतं का, आधीची शैली बिघडेल का आणि गुडघ्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

जा. फक्त आख्खा संच शिकून येण्याचा इरादा असेल तर तो आत्ताच सोडा. अशा शिबिरांत मी शिकायलाही बसले आहे आणि शिकवतेही. संच पुरा करायच्या मागे लागलेली माणसं शेवटच्या दिवशी सगळ्यात खूश असतात आणि महिन्याभराने त्यांच्याकडे सगळ्यात कमी उरलेलं असतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

ताईची, शिंग यी आणि बाग्वा या तिन्ही 'अंतर्गत' (अंगबळापेक्षा सैलपणावर आणि शरीराच्या जुळणीवर भर देणाऱ्या) म्हणवल्या जाणाऱ्या चिनी युद्धकला जुन्या काळी सहवासातून शिकल्या जात. यांग शैलीचे मूळपुरुष यांग लूचान (१७९९–१८७२) हनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावी चेन चांगशिंग यांच्याकडे कित्येक वर्षं शिकले. चेन शैलीचे नामवंत शिक्षक चेन फाके १९२८ साली पेइचिंगला आले ते १९५७ साली वारले तोवर तिथेच शिकवत होते, आणि त्यांचे तयार झालेले शिष्य वर्षानुवर्षं त्यांच्या नजरेखाली होते. आठवड्याभराचं शिबिर हा प्रकार त्या मानाने अगदी अलीकडचा. विद्यार्थी देशोदेशी विखुरलेले, शिक्षक मोजके, तेव्हा शिक्षकांनीच फिरायचं, अशी ती सोय आहे. चेन फाके यांचे नातू चेन श्याओवांग १९९० साली ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथून जगभर फिरून शिकवू लागले. उभं राहणं, रेशीम-सराव (हात गोलात फिरवण्याचा सराव), संच आणि शिक्षकाने प्रत्येकाला हात लावून केलेली दुरुस्ती हा आज चेन शैलीच्या शिबिरांत सगळीकडे दिसणारा साचा रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

या साच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती दुरुस्ती. बाकीचं बरंचसं तुम्हाला इतरत्रही मिळेल.

ती कशी असते ते सांगते, कारण तुमच्या वर्गात ती बहुधा या तऱ्हेने होत नसेल. तुम्ही उभे असता. शिक्षक मागे येतात, एक हात कमरेच्या मणक्यावर ठेवतात, दुसरा पोटावर. कंबर बोटभर मागे आणि खाली नेतात. डावा खांदा किंचित सोडायला लावतात, छाती पुढे काढली असेल तर ती बसवतात, हनुवटी जराशी आत घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. तुमच्या मांड्या मात्र त्याच क्षणी पेटतात, कारण इतका वेळ पाठीच्या स्नायूंनी आणि गुडघ्यांनी तोलून धरलेलं वजन आता जांघेतून तळपायात उतरायला लागलेलं असतं. शिक्षक पुढच्या माणसाकडे वळतात आणि मिनिटभरात तुमचं शरीर आपल्या जुन्या जागी परत सरकतं. सरकलं हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. पुढच्या फेरीत शिक्षक पुन्हा तेच करतात, तुम्ही पुन्हा सरकता. दिवसातून चार-पाच वेळा असं होत गेलं की चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास सरकण्याचा क्षण जाणवायला लागतो. शिक्षकांनी हात लावायच्या आधीच 'आत्ता माझी कंबर पुढे गेली' हे कळतं. आठवड्यातून दोनदाच्या वर्गात हे जमणं कठीण असतं, कारण दोन दुरुस्त्यांच्या मध्ये तीन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात शरीर आधीचं सगळं विसरलेलं असतं.

त्यामुळे नोंदणी करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे किती जण असणार आणि शिक्षक स्वतः प्रत्येकाला दुरुस्त करणार का. मोठ्या सभागृहात शिक्षक पुढे करून दाखवताहेत आणि साठ जण मागे नक्कल करताहेत, असं असेल तर त्याला वर्कशॉप म्हणा, प्रात्यक्षिक म्हणा, तुमच्या उपयोगाचं ते नाही. वीस-पंचवीसपर्यंत ठीक. त्याहून जास्त असतील तर दुरुस्ती करू शकणारे मदतनीस हवेत, नुसते रांगा लावणारे नकोत. कुणी अंगाला हात लावलेला तुम्हाला चालत नसेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा. चांगले शिक्षक विचारल्याशिवाय हात लावत नाहीत आणि तोंडी सूचनेवरही बरंच काम करून घेतात.

दुसरा प्रश्न विषयाचा. विषय जितका अरुंद तितकं शिबिर चांगलं, हे माझं ठाम मत आहे. लाओजिया यिलू मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ७४ किंवा ७५ हालचालींचा आहे. सात दिवसांत तो 'पुरा' करायचा म्हटलं की रोज दहा-अकरा हालचाली उरकाव्या लागतात, म्हणजे नुसता हातपायांचा नकाशा पाठ होतो. हाच संच शिकवणारं एखादं शिबिर पहिल्या पाच-सात हालचालींवरच थांबत असेल, तर ते निवडा. जिनगांग दाओ द्वेइ, लान झा यी आणि दान ब्येन या सुरुवातीच्या तीन हालचालींत वजन बदलणं, कंबर वळणं, जांघ उघडणं-मिटणं, हात आत-बाहेर फिरणं हे सगळं आलेलं आहे, आणि पुढे संचभर त्यांचीच पुनरावृत्ती आणि रूपं आहेत. तुमच्या शिबिराच्या पत्रकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण आयोजकांना सरळ विचारता येतं: संच कुठपर्यंत नेणार? 'सगळा' असं उत्तर आलं तरी जायला हरकत नाही. मात्र तुम्ही मनाशी ठरवा की दान ब्येनच्या पुढचं जे येईल ते नुसतं करत राहायचं, लक्षात ठेवायचा अट्टहास करायचा नाही.

काही ठिकाणी 'तीनही अंतर्गत कला एका आठवड्यात' अशी शिबिरं निघतात. या तिघींना एका कुटुंबात बसवणारे सुन लूथांग (जन्म १८६०) यांनी शिंग यी क्वो युनशेन यांच्याकडून घेतली, बाग्वा छेंग थिंगह्वा यांच्याकडून, आणि ताईची ते हाओ वेइझेन यांच्याकडे शिकले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. आठवड्याच्या जाहिरातीवर आणखी काही बोलायची गरज नाही. खरं तर या तिघींत सघन शिबिराला सगळ्यात जुळणारी शिंग यी आहे, असं मला वाटतं. तिच्या पाच मुठी (प्रहाराच्या पाच मूळ हालचाली) छोट्या आहेत, एकेक मूठ सरळ रेषेत पुढे-मागे शेकडो वेळा करायची असते, त्यामुळे एका आठवड्यात एक मूठ घेतली तरी काहीतरी ठोस हाती येतं. बाग्वात वर्तुळावर चालण्यातच सगळा वेळ जातो आणि तो तसाच जायला हवा, पण पैसे भरून आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशीही नुसतं गोल चालायला लावणारे शिक्षक विरळा. मिळाले तर सोडू नका.

आता सकाळच्या उभं राहण्याकडे येते. झान झ्वांग या सरावाला बाहेरचे लोक हसतात आणि पहिल्या दहा मिनिटांत गप्प होतात. पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून, हात छातीसमोर मोठा चेंडू धरल्यासारखे ठेवून उभं राहायचं. वांग श्यांगझाइ यांनी तर यी छ्वान या आपल्या पद्धतीत संच बाजूला सारून या उभं राहण्यालाच मध्यभागी आणलं. शिंग यीत याच जागी सान ती ही आसनस्थिती येते, वजन बहुतांशी मागच्या पायावर ठेवून. ती फार कठीण आहे.

उभं राहताना तुम्हाला काय होईल? पहिल्यांदा खांदे दुखतील, कारण हात खांद्याने उचललेले असतील. मग मांड्या थरथरतील. थरथरण्यात काही गूढ नाही, थकलेले स्नायू असेच वागतात. 'ची (शरीरातली ऊर्जा) जागी झाली' असं कुणी सांगितलं तर मान डोलावून सोडून द्या. काहींना घेरी येते. गुडघे ताठ करून, पायांचे स्नायू निष्क्रिय ठेवून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, कानात गुणगुणायला लागलं, थंड घाम सुटला की हिंमत दाखवायची नाही. ताबडतोब खाली बसायचं, शक्य तर आडवं व्हायचं. श्वास कधीही कोंडायचा नाही. ताण आला की लोक नकळत श्वास धरतात आणि त्याने रक्तदाब वर जातो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

आज घरी तुम्ही किती वेळ उभे राहू शकता? उत्तर 'उभे राहतच नाही' असं असेल तर शिबिराच्या आधीचे सहा आठवडे याच कामाला लावा. पहिल्या आठवड्यात रोज तीन मिनिटं, मग हळूहळू पंधरापर्यंत. रोज हे महत्त्वाचं. रविवारी एकदम अर्धा तास उभं राहून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही. ही तयारी करून आलेला माणूस शिबिरात दुरुस्ती घेऊ शकतो. न करता आलेला पहिले तीन दिवस नुसता सहन करत असतो, आणि सहन करणाऱ्या शरीराला काही शिकवता येत नाही.

गुडघ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चेन शैलीत सगळ्यात जास्त इजा तिथे होते आणि ती बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते.

गुडघा मुख्यतः पुढे-मागे दुमडणारा सांधा आहे. पिळण्याची त्याची ताकद फार थोडी. वळण्याचं काम वर जांघेच्या सांध्याचं आहे. ताईचीत तुम्ही सतत वाकलेल्या, वजन घेतलेल्या पायावर कंबर वळवत असता, पाऊल जमिनीवर टेकलेलं. जांघ मोकळी असेल तर वळण तिथे होतं. जांघ आखडलेली असेल तर कंबर वळतच राहते आणि उरलेला पीळ गुडघ्यात जातो. एकदा गेल्याने काही होत नाही. रोज सहा तास, सात दिवस, शेकडो वेळा गेला की गुडघा बोलायला लागतो. ओळखायची सोपी खूण अशी: वळताना गुडघा पावलाच्या बोटांच्या रोखातच राहतोय का ते पाहा. आत कोसळत असेल किंवा कंबरेबरोबर बाहेर ओढला जात असेल, तर वळण कमी करा. कमी वळलेली पण जांघेतून आलेली हालचाल शिक्षकांना नेहमीच जास्त आवडते.

पाऊल फिरवायचं असेल तेव्हा त्यावरचं वजन आधी काढा. तुमच्या यांग वर्गात वजन असलेल्या पायावरच टाच किंवा चवडा फिरवायला शिकवलं असेल, काही परंपरांत तसं करतात. कुरकुरणाऱ्या गुडघ्याने ते करू नये, आणि शिबिरात तर मुळीच नाही.

आसन किती खाली न्यायचं? शिबिरात वीस-पंचवीस वर्षांची मुलं मांड्या जमिनीला समांतर नेतात आणि ते पाहून इतरांनाही चेव येतो. तुम्ही वरच राहा. दोन-तीन तासांच्या सरावात खाली जाऊन गुडघ्यांवर टेकण्यापेक्षा वर राहून कंबर सैल सोडणं अवघड आहे. लाओजिया यिलूत जिनगांग दाओ द्वेइच्या शेवटी जमिनीवर पाय आपटण्याची हालचाल आहे. ती संचात पुन्हा पुन्हा येते. तुम्ही पाय आपटू नका, वजन न टाकता अलगद ठेवा. कुठलाही समंजस शिक्षक याला हरकत घेणार नाही आणि घेतली तर ती तुमच्यासाठी उपयोगी माहिती आहे. झटक्याने जोर सोडण्याच्या हालचालींनाही, ज्यांना फाजिन म्हणतात, पहिल्या शिबिरात हात न लावलेला बरा. सैल शरीरातून सुटलेला झटका आणि आखडलेल्या शरीराने मारलेला हिसका बाहेरून सारखे दिसतात. सांध्यांना फरक कळतो.

दुखणं कुठलं चालेल आणि कुठलं नाही, हे आधीच ठरवून घ्या. मांडीचा पुढचा भाग, पार्श्वभाग, पोटऱ्या यांत जड, पसरट दुखणं चालेल. नवीन प्रकारचा ताण पडला की ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं, म्हणून दुसरा, तिसरा, चौथा दिवस वाईट जाणार हे गृहीत धरा. नेमका याच वेळी 'आपल्याला हे जमणार नाही' असा विचार येतो. तो दुखणाऱ्या मांड्यांचा विचार असतो, त्याला फार किंमत देऊ नका. मात्र सांध्याच्या आत टोचणारी, बोट ठेवून दाखवता येणारी वेदना, सूज, गुडघा अडकणं किंवा एकदम लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर त्या दिवसापुरतं पायांचं काम थांबवा. खुर्चीत बसून वरच्या शरीराचा रेशीम-सराव करता येतो, दुसऱ्यांच्या दुरुस्त्या पाहता येतात. दुसऱ्याची दुरुस्ती नीट पाहणं हे शिबिरातलं अर्धं शिक्षण आहे, आणि ते फुकट घालवणारे बहुसंख्य.

रेशीम-सराव म्हणजे चानसी गुंग. कोशावरून रेशमाचा धागा न तुटता, न गुंतता ओढत जावा, तशी हालचाल एकसलग वळत राहते, म्हणून हे नाव. एका जागी उभं राहून एक हात मोठ्या गोलात फिरवायचा. दिसायला इतकंच. त्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, बेंबीखालचा भाग वळतो, ते वळण कमरेतून पाठीत, खांद्यात, कोपरात, मनगटात जातं आणि बोटांपर्यंत पोचतं. परत येताना उलट. सगळ्यांचा हात आधी निघतो आणि कंबर मागून येते. हे उलटं व्हायला हवं. माझ्या मते तुमच्यासारख्या माणसाने या शिबिरातून आणायची एकच गोष्ट निवडायची झाली तर एका हाताचा हा सराव निवडावा. छोटा आहे, जागा लागत नाही, आणि यांग शैलीलाही थेट उपयोगी आहे.

म्हणजे शैली बिघडण्याचा प्रश्न आला. यांग लूचान शिकले ते चेन गावातच, तेव्हा दोन्ही शैलींचं मूळ एक. पण दोघी आज चालीने वेगळ्या आहेत. यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांच्यामार्फत पसरलेला यांग संच एकाच संथ गतीने, मोठ्या मोकळ्या आकारांत वाहतो. चेनमध्ये संथ आणि वेगवान आलटून पालटून येतं, उड्या आहेत, पाय आपटणं आहे, आणि हातापायांचं मळसूत्री वळण उघड दिसतं. यांगमध्ये ते वळण असतं, पण आत दडलेलं. तीन वर्षांच्या सरावानंतर चेनमधलं वळण पाहिलं की आपल्या संचात कुठे काय व्हायचं होतं ते एकदम ध्यानात येतं, हा माझ्या यांगवाल्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा अनुभव. गोंधळ होतो तो दोन संच मिसळल्यामुळे. दान ब्येन दोन्हीकडे आहे, नाव तेच, पावलं आणि हात वेगळे. शिबिरानंतर काही आठवडे तुमचा यांग दान ब्येन विचित्र होईल. त्याने घाबरू नका आणि मुद्दाम दोन्ही जुळवायलाही जाऊ नका. दोन सराव वेगवेगळ्या वेळी करा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

पुश हँड्स ही शिबिरातली सगळ्यात मजेची आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी वेळ. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटं टेकवतात आणि पंग, ल्यू, जी, आन या चार दिशांनी एकमेकांचा जोर घेत-देत फिरतात. नवख्या माणसाने पाय न हलवता करायचा ठरीव चक्राचा प्रकारच करावा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी ढकलायला लागतो, समोरचा ताठतो, आणि सरावाची कुस्ती होते. तुमच्या वाट्याला असा जोडीदार आला तर हरा. खुशाल मागे पाऊल टाका, पुन्हा मनगट टेकवा आणि विचारा, 'जरा हळू करू या?' शक्य तितके जोडीदार बदला. वयस्कर, हलकी, लहान चणीची माणसं शोधा. त्यांना अंगबळावर भागवता येत नाही, म्हणून ती ऐकायला शिकलेली असतात. शिक्षकांच्या हाताला हात लावायची संधी मिळाली तर ढकलू नका, नुसता स्पर्श ठेवा. तयार माणसाच्या हाताखाली आपला जोर कुठे जातो ते वाचून कळत नाही.

शिक्षक शिष्याला हात न लावता दहा फूट उडवताहेत, असं प्रात्यक्षिक झालं तर ते शिष्य उडायला शिकलेले आहेत असं समजा. २०१७ साली छंगदू शहरात मिश्र युद्धकलेतला लढवय्या शू श्याओदोंग याने ताईचीचा शिक्षक म्हणवणाऱ्या वेइ लेइ याला काही सेकंदांत लोळवलं आणि चीनभर खळबळ उडाली. त्यातून ताईची खोटी ठरत नाही. पण जो कधी विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव करत नाही, त्याला लढता येत नाही, इतकं साधं ते आहे. लढायला शिकणं हा तुमचा हेतू असेल तर सात दिवसांचं शिबिर त्यासाठी नाही. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही, म्हणून यावर थांबते.

शिबिरात ध्यानात कसं ठेवायचं याबद्दल थोडं. सराव चालू असताना चित्रीकरण करू नका. फोन धरलेला माणूस शिकत नाही आणि ते चित्रीकरण पुढे फारसं कुणी पाहत नाही. शिक्षकांची परवानगी असेल तर शेवटच्या दिवशी दोन-तीन हालचालींचं, पुढून आणि मागून, एकेकदा घ्या. रोज रात्री मात्र लिहा: आज मला काय दुरुस्त केलं, आणि केल्यावर कुठे काय जाणवलं. 'लान झा यी शिकलो' असं लिहून काही उपयोग नाही. 'उजव्या हाताचं कोपर वर जातंय, खाली सोडलं की उजव्या तळव्यावर वजन आलं' असं लिहिलं की तीन महिन्यांनीही वाचून करता येतं. आणि झोपा. शिकलेली हालचाल सराव थांबल्यावर, विशेषतः झोपेत, पक्की होत राहते. रात्री उशिरापर्यंत गप्पांच्या बैठकी रंगवणारे दुसऱ्या दिवशी त्याच हालचाली नव्याने शिकत असतात.

एका गोष्टीची कल्पना देऊन ठेवते. शिबिर संपल्यावर तुमचं ताईची आधीपेक्षा वाईट वाटेल. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी अंगवळणी पडलेली नसते. हे दोन-तीन आठवडे टिकतं. याच काळात पुष्कळ जण सराव सोडतात किंवा पुढच्या शिबिराची नोंदणी करतात. शिबिरामागून शिबिर करणारी एक जमातच तयार झाली आहे; त्यांना सगळे शिक्षक माहीत असतात, सगळे संच थोडे थोडे येतात, आणि दहा वर्षांनीही कंबर पुढेच असते. हालचालींचं कौशल्य एकगठ्ठा तासांपेक्षा थोडं थोडं, अंतराअंतराने केलेल्या सरावातून जास्त टिकतं. आरोग्याचे फायदेही तसेच. पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरच्या २०१२ सालच्या अभ्यासात ताईचीने तोल सुधारला आणि पडणं कमी झालं, तेव्हा सराव होता आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखत राहण्याच्या आजाराच्या) ६६ रुग्णांवरच्या २०१० सालच्या अभ्यासातही आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे. तुम्ही आत्ता आठवड्यातून दोनदा जे करताय ते मोडू नका. शिबिर त्याच्या वर चढवा, त्याच्या जागी आणू नका.

परतल्यावर तीन महिने फक्त दोन गोष्टी ठेवा: रोज पंधरा मिनिटं उभं राहणं आणि पंधरा मिनिटं एका हाताचा रेशीम-सराव. संचातलं जे आठवेल ते आठवड्यातून एकदा, दान ब्येनपर्यंत. बाकीचं विसरलं तर विसरू द्या. पुढचं शिबिर त्याच शिक्षकांचं, वर्षभराने करा. त्यांनी तुम्हाला पुन्हा तीच दुरुस्ती केली तर नाराज होऊ नका. आणि वेगळी केली, तर मागची थोडीफार मुरली असं समजा.

शिक्षकांच्या परंपरेची चौकशी करावी का? करावी, पण तिच्यावर सगळं सोपवू नये. कुणाचे शिष्य, कुठे शिकले, किती वर्षं, हे सरळ विचारता येतं आणि खरा माणूस सरळ सांगतो. थोर गुरूचा शिष्य वाईट शिकवणारा असू शकतो. प्रमाणपत्रं आणि भिंतीवरचे फोटो यांपेक्षा त्यांच्या पाच-सात वर्षांच्या विद्यार्थ्यांना उभं राहताना पाहा. ते सैल आणि सरळ दिसतात का, वयस्करांचे गुडघे शाबूत आहेत का, हे पाहिलं की बरंच कळतं. आठवड्याच्या शेवटी शिक्षकपदाचं प्रमाणपत्र देणारं किंवा आजार बरे करण्याचं वचन देणारं शिबिर असेल तर तिथे जाऊ नका.

तुमच्या यांग शिक्षकांना जाण्याआधी सांगा, मागाहून कानावर जाण्यापेक्षा ते बरं. बहुतेकांना काही वाटत नाही. वाटलं तरी तो दोन मिनिटांचा संवाद आहे. परतल्यावर त्यांच्या वर्गात चेनमधल्या गोष्टी करून दाखवू नका आणि शेजाऱ्याला दुरुस्त तर मुळीच करू नका. नोंदणीच्या अर्जात गुडघ्याबद्दल लिहा, आणि पहिल्या सकाळी शिक्षकांना पुन्हा तोंडी सांगा, कारण ते अर्ज बहुधा आयोजकांकडेच राहतात. त्याआधी एकदा अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवून घ्या आणि वाकलेल्या गुडघ्यावर रोज किती वेळ उभं राहिलेलं चालेल हे नेमकं विचारा. त्यांनी 'नको' म्हटलं, तर या वर्षी सकाळच्या सत्रापुरती अर्ध्या दिवसाची नोंदणी मिळते का ते आयोजकांना विचारा. पुष्कळ शिबिरांत ती मिळते.